दोनच निषेधांची झुंज

लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें मातीचा एक उथळ प्याला ठेवलेला आहे. इ. स. पूर्व ४९० ते ४८० च्या दरम्यान तो अथेन्समध्यें घडला, आणि पुढें इटलींतील व्हल्ची येथें सांपडला. तो ज्यानें रंगविला त्या कारागिराचें नांव काळानें पुसून टाकिलें आहे. दुसऱ्या एका प्याल्यावर त्यानें धातूच्या ओतकामाचा कारखाना चितारला, म्हणून पंडित मंडळी त्याला ‘ओतशाळेचा चित्रकार’ एवढ्याच नांवानें ओळखतात. लंडनच्या प्याल्यावर दोन नग्न मल्ल एकमेकांस भिडलेले आहेत. झोंबाझोंबीच्या भरांत एकाचें बोट दुसऱ्याच्या डोळ्यांत शिरूं पाहत आहे, आणि शेजारीं अंगावर वस्त्र पांघरलेला पंच हातांतील काठी उगारून, आतां ती त्या अपराध्याच्या पाठीवर ओढणार, अशा पवित्र्यांत उभा आहे.

श्रोतेहो, आज ज्या खेळाची हकीकत मला आपणांस सांगावयाची आहे, त्याला प्राचीन ग्रीक लोक ‘पँक्रेशन’ म्हणत. ‘पान’ म्हणजे सर्व आणि ‘क्रातोस’ म्हणजे बळ. तेव्हां ज्यांत सर्व बळ खर्चीं घालावयाचें ती झुंज, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. मुष्टियुद्धांत मारतां येत असे, पण धरतां येत नसे. कुस्तींत धरतां येत असे, पण मारतां येत नसे. पँक्रेशनमध्यें मारणें, लाथाडणें, पाडणें, सांधा पिरगळणें, गळा आवळणें, सारेंच चालत असे. निषिद्ध गोष्टी दोनच : चावणें आणि डोळ्यांत बोटें घालणें. इ. स. पूर्व ६४८ सालीं, म्हणजे तेहतिसाव्या ऑलिंपियाडच्या वेळीं, हा खेळ ऑलिंपियाच्या उत्सवांत दाखल झाला आणि सिराक्यूजचा लिग्डामिस हा त्यांतील पहिला विजेता ठरला. तेथून पुढें सुमारें एक हजार वर्षें ग्रीक जगांत हा खेळ चालू होता. आणि त्याला कोणी गुंडांची मारामारी म्हणत नसे. फिलोस्ट्राटस या लेखकाच्या मतें तर ऑलिंपियाच्या सर्व खेळांत हाच सर्वांत सुंदर.

हा विषय आज काढण्याचें कारण आपल्या घराघरांतच आहे. ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’ या नांवाचे सामने तरुण मंडळी रात्रीं जागून पाहतात, आणि वडील माणसें तो रक्तस्राव पाहून तोंड फिरवितात. या खेळाची पहिली गाजलेली सभा अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं भरली. निरनिराळ्या पंथांचे मल्ल जाळीच्या अष्टकोनी रिंगणांत एकमेकांपुढें सोडण्यांत आले. वजनाचे गट नव्हते. येथें नियमच नाहींत, असा जाहिरातींचा सूर होता. वस्तुतः चावूं नये आणि डोळ्यांत बोटें घालूं नयेत, हें त्या सभेंतही बजावलेलें होतें. प्याल्यावरच्या पंचाची काठी ज्या दोन अपराधांसाठीं उगारली जात असे, नेमके तेच दोन. आणि ते निषेध निरर्थक नव्हते. कारण अंतिम झुंजींत प्रतिस्पर्ध्यानें आपला कान चावला, असें विजेता रॉयस ग्रेसी यानें पुढें सांगितलें.

यावरून आजचा खेळ ग्रीकांचा वंशज आहे, असें कित्येक लोक लिहितात. तें खरें नाहीं. त्याची वंशावळ शोधूं गेल्यास आपण जपान आणि ब्राझील या देशांत जाऊन पोंचतों. मित्सुयो माएदा नांवाचा जपानी ज्यूदोपटु अनेक देशांत झुंजी करीत १९१४ सालीं ब्राझीलमध्यें उतरला. बेलें शहरांत त्याच्यापाशीं कार्लोस ग्रेसी हा तरुण शिकला, कार्लोसकडून ती विद्या त्याच्या भावांकडे गेली, आणि त्या घराण्यानें कोणत्याही पंथाच्या मल्लास आव्हान देण्याची प्रथा पाडली. अशा झुंजींना तेथें ‘वाले तूदो’ म्हणत. गोव्यांतील वडीलधाऱ्या श्रोत्यांस या पोर्तुगीज शब्दांचा अर्थ सांगावयास नको. ‘सर्व चालेल’ असा तो आहे. डेन्व्हरचा विजेता रॉयस हा याच घराण्यांतील, हेलिओ ग्रेसीचा मुलगा.

ग्रीक मल्ल आणि हे ब्राझिलियन मल्ल यांच्यामध्यें गुरुशिष्यपरंपरा नाहीं; मध्यें दीड हजार वर्षांची खिंड आहे. तरीही दोघेही त्याच दोन निषेधांपाशीं येऊन थांबले, ही गोष्ट मला वंशावळीहून अधिक विचार करण्याजोगी वाटते. नियम थोडे असणें आणि कायदा नसणें, या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. ग्रीकांनीं नियम थोडे ठेविले, पण कायदा त्यांना कोठें तरी ठेवावाच लागला. थोडा त्यांनीं शपथेंत ठेविला, थोडा पंचाच्या काठींत, आणि सर्वांत मोठा भाग मल्लाच्या स्वतःच्या बोटांत. तो कसा, हें आतां पाहूं.

ऑलिंपियाच्या सभागृहांत झ्यूस देवाची एक मूर्ति होती. तिच्या दोन्ही हातांत वज्रें होतीं. तिच्यापुढें डुकराच्या मांसाचे तुकडे साक्षीस ठेवून मल्ल, त्यांचे बाप, त्यांचे भाऊ आणि त्यांचे वस्ताद या सर्वांनीं शपथ घ्यावयाची कीं, आपण खेळांत कसलीही लबाडी करणार नाहीं. मल्लांस आणखी एक शपथ असे : लागोपाठ दहा महिने आपण यथाविधि मेहनत केली आहे. नंतर जोडी लावण्याचा विधि. त्याचें वर्णन लूशियननें मोठ्या गमतीनें केलें आहे. चांदीच्या कलशांत दाण्याएवढ्या सोंगट्या टाकीत. दोन सोंगट्यांवर आल्फा, दोहोंवर बीटा, याप्रमाणें अक्षरें असत. ज्याच्या हातीं जें अक्षर येई, त्यानें त्याच अक्षराच्या दुसऱ्या मल्लाशीं लढावयाचें. सोंगटी काढल्यावर ती लगेच वाचतां येऊं नये म्हणून शेजारीं चाबूकवाला उभा असे! मल्लांची संख्या विषम असली तर एकास जोड मिळत नसे. तो स्वस्थ बसून राही आणि पुढच्या फेरींत ताज्या दमानें थकलेल्या मल्लापुढें उभा राही. ग्रीकांना हा दैवाचा कौल वाटे. आपल्या फडावरच्या प्रेक्षकांनीं मात्र यावरून गोंधळ केल्याशिवाय राहिले नसते.

झुंजीची जागा आपल्या आखाड्याहून फार निराळी नव्हती. कुदळीनें माती खणून भुसभुशीत करीत, मल्ल अंगास तेल चोळून वर धूळ लावीत. परंतु आमच्या कुस्तींत पाठ मातीस लागली कीं खेळ संपला. ‘चीतपट’ हा शब्दच शेवटचा. पँक्रेशनमध्यें पाठ मातीस लागणें ही पुष्कळदां सुरुवात असे. उभ्यानें लढणें हा एक भाग आणि जमिनीवर पडून लढणें हा दुसरा, आणि दुसरा भागच बहुधा निकाल लावी. बडोद्यास गायकवाडांच्या आश्रयानें एकोणिसाव्या शतकांत ज्येष्ठीमल्लांची जी वज्रमुष्टि चाले, तिच्यांत मल्लांच्या मुठीवर अणकुचीदार शस्त्र चढविलेलें असे. ग्रीक मल्लाची मूठ उघडी. मुष्टियोद्धे हातांस चामड्याच्या वाद्या गुंडाळीत; पँक्रेशनवाल्यास त्याही नसत, कारण त्याला त्याच हातानें पकड करावयाची असे.

डावांचे प्रकार नाना होते. सिक्योनचा सोस्ट्राटस हा इ. स. पूर्व ३६४ पासून लागोपाठ तीन ऑलिंपियाडमध्यें विजयी झाला. त्याचा डाव एकच : प्रतिस्पर्ध्याचीं बोटें पकडावयाचीं आणि तो शरण येईपर्यंत मागें वांकवीत राहावयाचीं. यास कोणाचा आक्षेप नव्हता, कारण तें चावणें नव्हे आणि डोळे फोडणेंही नव्हे. मला विचाराल तर हा मनुष्य मला फारसा आवडत नाहीं. पण इस्थमस व नीमिया येथील बारा आणि डेल्फाय येथील दोन विजय त्याच्या नांवावर जमा आहेत, तेव्हां माझ्या आवडीनिवडीस कोण विचारतो!

झुंजीस वेळेची मर्यादा नव्हती. इ. स. पूर्व ४७२ च्या उत्सवांत घोड्यांच्या शर्यतींनीं आणि पंचक्रीडेनें दिवस खाऊन टाकिला आणि पँक्रेशनचे मल्ल रात्र पडेपर्यंत लढत राहिले. त्यामुळें पुढें उत्सवाचा क्रमच बदलावा लागला. आधुनिक काळींही हें घडलेलें आहे. १९५५ सालच्या मे महिन्यांत रिओ शहरीं हेलिओ ग्रेसी आणि त्याचाच पूर्वीचा शिष्य वाल्देमार सांताना यांची ‘वाले तूदो’ झुंज झाली, ती साडेतीन तासांहून अधिक वेळ चालली आणि शिष्याच्या लाथेनें गुरु पडला तेव्हां संपली.

वेळ संपत नाहीं, गुण मोजावयाचे नाहींत, पाठ टेकल्यानें निकाल लागत नाहीं. मग झुंज संपणार केव्हां? त्याचें उत्तर बोट. हरलेल्या मल्लानें हात वर करून तर्जनी दाखवावयाची; तें बोट दिसलें कीं विजेत्यानें तत्क्षणीं सोडून द्यावयाचें, न सोडल्यास पंचाची काठी आहेच. आजचे मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हात थापटतात, त्याचा अर्थ हाच. पँक्रेशनमधील साऱ्या भयंकर डावांना जो लगाम होता तो हा. गळा आवळणें हा खेळ होऊं शकतो, कारण ज्याचा गळा आवळला आहे त्याच्या हातीं तो सोडविण्याची किल्ली दिलेली आहे.

परंतु ती किल्ली वापरण्यास मन तयार पाहिजे, आणि अडचण तेथेंच होती. स्पार्टाच्या लोकांची गोष्ट घ्या. आपल्या गांवीं पँक्रेशन खेळतांना ते चावणें आणि डोळ्यांत बोटें घालणें यांसही परवानगी देत, कारण त्यांना तें युद्धाचें शिक्षण वाटे. पण ज्या खेळांत हात वर करून शरण जावें लागतें त्या खेळांत आपल्या नागरिकांनीं उतरूं नये, असा निर्बंध त्यांच्यांत होता, असें प्लूटार्क सांगतो. एका स्पार्टनानें बोट वर केलें तर साऱ्या स्पार्टानें शरणागति पत्करली असें जग म्हणेल, ही त्यांची भीति. डोळा गेला तरी चालेल, बोट वर होतां कामा नये!

फिगालिया गांवच्या अरिकिऑनची कथा याच जागीं येते. इ. स. पूर्व ५६४ चा उत्सव. अरिकिऑन यापूर्वीं दोनदां विजयी झालेला, आतां तिसऱ्या मुगुटासाठीं शेवटच्या झुंजींत उभा. प्रतिस्पर्ध्यानें पाठीमागून त्याला पायांची मिठी घातली आणि हातानें गळा आवळला. श्वास कोंडूं लागला, अंग सैल पडूं लागलें. बोट वर करण्याचा तो क्षण होता. फिलोस्ट्राटस म्हणतो कीं, अरिकिऑनच्या मनांत तो विचार आलाही होता. इतक्यांत त्याचा वस्ताद एरिक्सियस बाहेरून ओरडला. ऑलिंपियांत शरण गेला नाहीं, हे शब्द थडग्यावर लिहिले जाणें किती शोभेचें, अशा अर्थाचें तें ओरडणें होतें. अरिकिऑननें उरलेलें सारें बळ एकवटून प्रतिस्पर्ध्याचा पाय असा पिरगळला कीं, त्याचा घोटा निखळला. पॉसेनियसच्या मतें पायाचें बोट मोडलें. त्या वेदनेनें प्रतिस्पर्ध्यानें हात वर केला, आणि त्याच क्षणीं अरिकिऑनचा प्राण गेला. पंचांनीं निकाल दिला : शरण आला तो हरला, मेला तो जिंकला. रानऑलिव्हचा मुगुट प्रेताच्या मस्तकावर चढला.

अरिकिऑनचा दगडी पुतळा फिगालियाच्या चौकांत पॉसेनियसनें पाहिला होता. पाय जवळजवळ जुळलेले, हात दोन्ही बाजूंस खालीं सोडलेले, अशी ती फार जुन्या धाटणीची मूर्ति होती. वरील लेख कालौघांत झिजून गेला होता. ग्रीकांनीं या मल्लाची स्तुति शतकानुशतकें केली. मला मात्र ही कथा वाचतांना अरिकिऑनपेक्षां त्या वस्तादाचाच विचार अधिक येतो. बोट मल्लाचें होतें, आणि तें खालीं दाबून धरलें दुसऱ्यानें. पंचाच्या काठीला तो अपराध दिसला नाहीं, कारण तो दोन निषेधांत बसत नव्हता. अथेन्सच्या कायद्यांतही, स्पर्धेंत अनिच्छेनें प्रतिस्पर्ध्याचा जीव घेणारास खुनी समजत नसत. वस्तादाविषयीं कायदा अवाक्षर बोलत नाहीं.

याच्या शेजारीं मी दुसरें एक चित्र ठेवतों. तारीख २३ ऑक्टोबर १९५१, स्थळ रिओचें मारकाना क्रीडांगण. एका बाजूस जपानचा मासाहिको किमुरा, दुसऱ्या बाजूस अंगानें पुष्कळच हलका असा हेलिओ ग्रेसी. या सामन्यांत ठोसे आणि लाथा वर्ज्य होत्या, म्हणून त्यास ‘वाले तूदो’ म्हणतां येणार नाहीं; पण निकाल शरणागतीनेंच लागावयाचा होता. किमुरानें हेलिओचा हात पाठीकडे वळवून पिरगळला. हेलिओ शरण जाईना. हाड मोडलें, तरी जाईना. तेव्हां त्याच्या कोपऱ्यांत उभा असलेला वडील भाऊ कार्लोस, ज्यानें त्याला ही विद्या दिली तोच, त्यानें टॉवेल आंत फेंकला आणि सामना थांबविला. अरिकिऑनला एरिक्सियस मिळाला, हेलिओला कार्लोस. तो डाव आज जगभर ‘किमुरा’ याच नांवानें ओळखला जातो; जिंकणाऱ्याचें नांव हरलेल्याच्या घराण्यानेंच शिष्यांच्या तोंडीं बसविलें, हें त्या घराण्यास भूषणावह आहे.

भीतीचीही एक नोंद इतिहासांत राहून गेली आहे. इ. स. २५ च्या ऑलिंपियाडमध्यें अलेक्झांड्रियाचा सारापिओन हा मल्ल, प्रतिस्पर्ध्यांच्या धास्तीनें, पँक्रेशनच्या आदल्या दिवशींच पळून गेला. त्याला दंड झाला. भ्याडपणाबद्दल ऑलिंपियांत दंड झालेला हा एकच मनुष्य, असें पॉसेनियस नमूद करतो. झुंजीपूर्वींची ती रात्र इतरांनीं कशी काढली असेल, हें त्या एकट्याच्या पळण्यावरून थोडेंसें कळतें.

ग्रीकांमध्यें सर्वच या खेळाचे भक्त होते असें नव्हे. प्लेटोनें आपल्या शेवटच्या ग्रंथांत सैनिकांच्या शिक्षणांतून पँक्रेशन काढून त्याच्या जागीं शस्त्रांची झुंज सुचविली. जमिनीवर लोळणारा मनुष्य रणांगणांत काय कामाचा, हा त्याचा रोख. वैद्य गेलेन याचा विनोद अधिक बोंचरा होता. पशूंना स्पर्धेंत उतरविलें, तर लाथा झाडणारें गाढव पँक्रेशनचा मुगुट घेऊन जाईल, असें तो म्हणे. आधुनिक खेळासही असाच विरोध झाला. अमेरिकेंतील सेनेटर जॉन मॅकेन यांनीं १९९६ सालीं सर्व राज्यांच्या गव्हर्नरांस पत्रें पाठवून अशा झुंजींवर बंदी घालण्याची मागणी केली. परिणाम असा झाला कीं खेळ मेला नाहीं, पण नियम वाढले. वजनाचे गट आले, हातमोजे आले, फेऱ्या आणि वैद्य आले. २००० सालाच्या सुमारास न्यू जर्सी राज्यांत जी नियमावली तयार झाली तिच्यांत निषिद्ध गोष्टींची संख्या दोनावरून तीसच्या घरांत गेली. पंचाच्या काठींतला आणि मल्लाच्या बोटांतला कायदा पुन्हां पुस्तकांत लिहिला गेला. ज्या पंचास मल्लाची बुद्धि सुन्न झालेली दिसते तो आज स्वतःच झुंज थांबवितो. बोट वर होण्याची वाट पाहत नाहीं.

आतां एक हकीकत सांगून मी आपली रजा घेणार आहें. ती ऑलिंपियाची नव्हे. पूर्वीच्या हिंदुस्थानांतील आणि आज पाकिस्तानांत असलेल्या सिंधूच्या खोऱ्यांतील ती आहे. डायोडोरस आणि कर्टियस या दोघां इतिहासकारांनीं ती लिहून ठेविली आहे.

इ. स. पूर्व ३२५ च्या सुमाराची ही गोष्ट. मालवांच्या एका नगरावर चढाई करतांना शिकंदराच्या छातींत बाण घुसला होता. त्या जखमेंतून तो नुकताच उठला होता. मालव आणि क्षुद्रक, म्हणजे आपल्या व्याकरणग्रंथांत ज्यांची ‘क्षौद्रकमालवी सेना’ येते तेच लोक, त्यांचे शंभर वकील तहासाठीं आले होते. त्यांच्या सन्मानार्थ शिकंदरानें मेजवानी दिली. शंभर सुवर्णमंचक मांडले होते असें कर्टियस सांगतो. त्या मेजवानींत डायोक्सिपस नांवाचा अथेन्सचा मल्ल होता. ऑलिंपियांत पँक्रेशनचा मुगुट त्याला लढतीवांचूनच मिळाला होता, कारण त्याच्यापुढें उभें राहण्यास कोणी धजला नव्हता. अशा विजयास ग्रीक भाषेंत ‘धूळ न लागतां’ मिळालेला विजय म्हणत. राजाची त्याच्यावर मर्जी होती, आणि तेवढ्यामुळेंच मॅसिडोनियन सरदारांस तो सलत होता. आम्ही लढतों आणि हा अंगाला तेल चोळून मेजवान्या झोडतो, अशी त्यांची कुजबूज चाले.

मद्य चढल्यावर कोरागस नांवाच्या मॅसिडोनियन वीरानें डायोक्सिपसला द्वंद्वाचें आव्हान दिलें. त्यानें तें स्वीकारलें. राजानें दिवस नेमून दिला. त्या दिवशीं हजारों सैनिक जमले. मॅसिडोनियन सारे कोरागसच्या बाजूचे, ग्रीक सारे डायोक्सिपसच्या. कोरागस पूर्ण चिलखत घालून आला. जवळ फेंकावयाचा भाला, लांब भाला आणि तलवार. डायोक्सिपस आला तो उघड्या अंगास तेल चोळून, हातांत एक गदा घेऊन. कोरागसनें भाला फेंकला; डायोक्सिपसनें अंग किंचित् कलवून तो चुकविला. कोरागस लांब भाला रोखून धांवून आला. गदेच्या एका तडाख्यानें भाल्याचे दोन तुकडे झाले. त्यानें तलवारीस हात घातला. तोंच डायोक्सिपसनें झेप घेऊन डाव्या हातानें त्याचा तलवारीचा हात पकडला, दुसऱ्या हातानें त्याचा तोल घालविला आणि पायाखालून पाय काढून त्याला पाडलें. मग त्याच्या मानेवर पाय देऊन त्यानें गदा उगारली आणि प्रेक्षकांकडे पाहिलें.

कर्टियस म्हणतो, तो प्रहार करणारच होता, राजानें आवरलें. डायोडोरसच्या लेखांत तो नुसता पाहत उभा आहे. मला डायोडोरसचें चित्र पटतें. पडलेल्या मल्लाच्या बोटाकडे आणि पंचाच्या काठीकडे पाहण्याची जन्माची संवय ज्याला लागली आहे, तो गदा खालीं आणण्यापूर्वीं कोणाच्या तरी निकालाची वाट पाहणारच. परंतु त्या मैदानांत पंच नव्हता, राजा होता. शिकंदरानें कोरागसला सोडून देण्यास सांगितलें आणि तो उठून निघून गेला. आपला शस्त्रधारी वीर एका नग्न मल्लाकडून पडला, आणि तोही परकीय वकिलांच्या डोळ्यांदेखत, हें त्याला झोंबलें. मालव-क्षुद्रकांच्या त्या वकिलांनीं या झुंजीविषयीं आपल्या गांवीं जाऊन काय सांगितलें असेल, हें ऐकावयास मिळालें असतें तर किती बहार झाली असती!

त्या दिवसापासून डायोक्सिपसवरील राजाची मर्जी उतरली, आणि दरबारी मंडळींस हवें होतें तें मिळालें. त्यांनीं एका सेवकास फितवून सोन्याचा एक पेला डायोक्सिपसच्या उशीखालीं ठेवविला. पुढच्या मेजवानींत पेला हरवल्याची ओरड झाली, शोध झाला आणि पेला ‘सांपडला’. सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. ज्या मनुष्यापुढें ऑलिंपियाच्या मैदानांत कोणी उभा राहिला नव्हता, त्याला त्या नजरांपुढें उभें राहवेना. येथें कोणतीही शपथ नव्हती, कोणतीही काठी नव्हती, आणि बोट वर करून थांबवितां येईल असें कांहीं नव्हतें. तो मेजवानींतून उठून आपल्या बिऱ्हाडीं गेला, शिकंदरास एक पत्र लिहून तें पोंचविण्यास सांगितलें आणि स्वतःच्या हातानें जीव दिला.

पत्र वाचून राजा खिन्न झाला. कर्टियस सांगतो कीं, डायोक्सिपस मेल्यावर त्याच्यावर आळ घेणाऱ्यांचा आनंद इतका उतूं चालला कीं, तो आळ खोटा होता हें राजाला त्यावरूनच कळून आलें.